जेवणानंतर एक

६ जानेवारी, सोमवार

स्वतःसाठी ब्लाउज शिवला, जुन्याच मापाचा. घातला तर मागून वर चढतोय आणि पुढे पोटावर नुसत्या चुण्या. आधी वाटलं कात्री चुकली. टेप लावली. पाठीचं माप वाढलंय, पुढचं कमी झालंय. हे माप मला चांगलं ठाऊक आहे. वाकायला लागलेल्या गिऱ्हाइकांना असंच कापावं लागतं, मागे जास्त, पुढे कमी, आणि का ते सांगायचं नसतं. "हल्ली फॅशनच अशी आहे मावशी," म्हणायचं आणि टाचण्या लावायच्या. आज आरशासमोर मीच मावशी.

पाठीत कळ आहेच. परवा ह्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना कट् वाजलं होतं. मला वाटलं खुर्ची.

उपवास. साबुदाणा, वर जळजळ. नेहमीचंच.

८ जानेवारी, बुधवार

हाडांच्या डॉक्टरकडे. तरुण बाई आहेत, उगाच गोड बोलत नाहीत, ते बरं वाटलं. फोटोत मणका दाखवला, पुढच्या अंगाने चेपलेला. "हाडं ठिसूळ झालीत. वजन उचलता का?" म्हटलं, "नवऱ्याला उचलते." त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग सांगितलं सगळं. मागच्या वर्षी ह्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर होते, सगळी नोकरी भरलेले ट्रक तोलण्यात गेली. आता सकाळी खुर्चीत, दुपारी पलंगावर, संध्याकाळी परत खुर्चीत. मीच घेते. घरात दुसरं आहे कोण.

उपाय असा. वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन, ते हाडांना धरून ठेवतं. पण माझ्या रक्तात कॅल्शियम फार कमी, ते वर आल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही, जिवाला धोका. तोंडावाटे घ्यायची गोळी असते, ती माझ्या जळजळीला झेपणार नाही. म्हणजे आधी कॅल्शियमची गोळी. कागदावर लिहून दिलं, 'जेवणानंतर एक'. वर म्हणाल्या, "अजून एक मणका गेला तर तुम्हालाच उचलायला माणूस लागेल."

संध्याकाळी निलेशचा फोन, उलव्याहून. मागे गाड्यांचे आणि मशीनचे आवाज, कायम कुठेतरी खोदतच असतात तिथे. "आई, बाबांना सेंटरमध्ये ठेवू. चोवीस तास माणसं असतात." म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. "मग राहा ना जिवंत," म्हणाला. पोरगा वाईट नाही माझा. पण फोन ठेवल्यावर रडले.

तर आता असं आहे. पोटाने गोळी झेलली तर इंजेक्शन, आणि इंजेक्शन मिळालं तर हे घरात.

१० जानेवारी, शुक्रवार

गोळी कसली, कोटाचं बटण. तोंडात खडू चघळल्यासारखं. दुपारपासून पोट तट्ट, ढेकर निघेना, कोठा साफ नाही. माझं पोट लहानपणापासून रुसकं. दूध चालत नाही, वाटाणा चालत नाही, लग्नाच्या पंगतीत मठ्ठा प्यायले तर घरी येईपर्यंत धीर नाही. गॅसची कॅप्सूल पहाटे घेतेच, मेडिकलवाल्याला विचारून सुरू केली होती, किती वर्षं झाली देव जाणे. आज एक जास्तीची घेतली.

१३ जानेवारी, सोमवार

उपवास. आज जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कसली. पोटाला सुटी. शंकर पावला.

१६ जानेवारी, गुरुवार

आजही सुटी. पोट हलकं, मशीनवर बसवलं तरी. दोन ब्लाउज उरकले.

रेहाना विचारत होती, एवढे उपवास कशाला? शेजारीण म्हणून तिला सगळं विचारायचा हक्क आहे. सांगितलं. ह्यांना झालं तेव्हा सोमवार धरला, आणि मान सावरायला लागले. गुरुवार धरला, तोंडातून शब्द फुटला. शनिवार धरला, टेकून बसायला लागले. दोन्ही वेळ फराळ, दुसऱ्या सकाळी सोडायचा, असे कडक. फिजिओवाला म्हणतो व्यायामाने झालं. असेल. पण एक उपवास सोडून बघायची माझी छाती नाही.

रेहाना म्हणाली, "ताई, नियत साफ हाय तुमची. पण तबियत पण बघा ना."

२१ जानेवारी, मंगळवार

ह्यांचे शब्द फुटले पण घरं बदलून आले. पाणी हवं असलं की "किल्ली" म्हणतात. चादर म्हणजे "पावती". रेहानाला "मास्तर" म्हणतात, आणि ती बिचारी "जी" म्हणून पुढे येते. आधी मी चिडायचे, शब्द दुरुस्त करायचे. आता मला हीच भाषा समजते. समजते असं मीच समजते.

आज गोळी जेवणानंतर घेतली आणि पोटात असा गोळा उठला की भिंतीला धरून उभी राहिले. ह्यांनी बघितलं. म्हणाले, "वजन किती?" काय विचारायचं होतं कळलं नाही. म्हटलं, तुमचं का माझं? हसले, अर्ध्या तोंडाने.

२६ जानेवारी, रविवार

आपट्याहून थोरल्या जाऊबाई आल्या दिराला बघायला. वयाने माझ्याहून कितीतरी मोठ्या, आणि पाठ सरळ. गोळी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"काय गो सुमन, गोल्या खाऊन कोनाची हाडा भरली? चुना खा. गव्हाच्या दान्याएवरा, दह्यान घालून. आपली सासू पानाला चुना लावून खायाची, मरस्तवर वाकली नाय."

सासूबाई वाकल्या नव्हत्या हे खरं. त्या कोणापुढेच वाकल्या नव्हत्या. पण म्हटलं, बाई पाठ ताठ ठेवून सांगतेय, करून बघू. जाताना त्यांनी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याला बायेर कुठं घालवू नको. आमच्यान असा करत नाय." म्हणजे निलेशने त्यांनाही फोन केलाय.

२९ जानेवारी, बुधवार

चुन्याचे दोन दिवस झाले, तिसरा होणार नाही. गळ्यापासून बेंबीपर्यंत आग. जिभेवर फोड. दही बदनाम झालं उगाच. नाचणीची आंबील करून बघितली, ती तेवढी पोटाने मुकाट्याने घेतली. पण नुसत्या नाचणीवर डॉक्टर इंजेक्शन देणार नाहीत.

गोळी मात्र सोडलेली नाही. जेवले की एक. कितीही फुगलं तरी एक. एवढं तरी करतेय ह्यांच्यासाठी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रक्ताचा रिपोर्ट. कॅल्शियम वर आलंच नाही. होतं तिथेच, किंवा किंचित खाली. इंजेक्शन नाही.

डॉ. नी माझ्याकडे संशयाने बघितलं. "रोज घेता ना?"

"रोज. जेवणानंतर. तुम्ही लिहिलंय तशी."

"आजची घेतली?"

"आज गुरुवार. आज जेवण नसतं."

"म्हणजे काहीच खाल्लं नाही?"

"खाल्लं की. खिचडी, केळं, रताळं. संध्याकाळी वरी."

"मग ते जेवण नाही?"

"तो फराळ."

मग त्यांनी विचारलं, आठवड्यातून असे वार किती. मी सांगितले. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी आली तर ती. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझे कान तापले. शाळेतल्या पोरीसारखं झालं. म्हणाल्या, "चूक माझी. खाल्ल्यावर असं लिहायला हवं होतं." त्यांनी चूक आपल्या अंगावर घेतली, पण मणका माझा आहे.

अजून निघालं. गॅसची कॅप्सूल रोज घेते हे मी आधी सांगितलंच नव्हतं, ते काय औषध आहे का म्हणून. त्या म्हणाल्या, ही पांढरी गोळी विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि तुम्ही पहाटेच आम्ल मारून बसता. उरलेल्या दिवशी घेतली तीही फारशी अंगी लागली नसणार. म्हणजे पोट फुगवून घेतलं ते फुकट.

आता दुसरी जात. सायट्रेट. तिला आम्ल लागत नाही, जेवण असो फराळ असो उपाशी असो, कधीही चालते, पोटालाही मऊ. एकदम मोठी नको, छोटी गोळी दोनदा. शिवाय ड जीवनसत्त्व. आणि उठता उठता, "उपवास कमी करा. नुसत्या साबुदाण्यावर हाडं भरत नाहीत. डाळ, अंडं, मासे खा."

ज्यांच्यासाठी उपवास धरले त्यांनाच उचलायची ताकद त्या उपवासांनी खाल्ली. रिक्षात हेच डोक्यात. रिक्षावाला विचारत होता कुठे उतरायचं, मला गल्लीचं नाव आठवेना.

८ फेब्रुवारी, शनिवार

मेडिकलवाल्याने दुसरीच पट्टी दिली. "सेमच आहे काकी, ही जास्त खपते." घेतली. चष्मा दुसऱ्या पर्समध्ये.

रेहाना प्रत्येक औषधाची बारीक अक्षरं वाचते. कॅप्सूलच्या वेष्टनात जनावराचं काही नको म्हणून तिला सवय लागलीय. वाचता वाचता थांबली. "ताई, हे सायट्रेट नाय. हे शिंपल्याचं चूर्ण हाय. कालवाच्या शिंपल्याचं." म्हणजे तीच जुनी जात, आणि आज शनिवार. कालवं मी काय कमी खाल्लीत? माहेरी उरणला हिवाळाभर तेच. पण उपवासाला शिंपला? मला एकदम हसू सुटलं. तीही हसली. पाठीत कळ आली तरी हसत होतो दोघी.

पट्टी परत केली. त्याच्याकडे खरी नव्हतीच. मिरची गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. यावेळी चष्मा लावून वाचली, अक्षर अन् अक्षर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवी गोळी. पोट गप्प आहे. इतकं गप्प की मीच कान देऊन बसलेय, आता उठेल, मग उठेल. नाही उठलं. पहाटेची कॅप्सूलही डॉ. नी हळूहळू कमी करायला सांगितलीय.

सोमवारी उपवासाला गोळी घेतली, राजगिऱ्याच्या लाडवाबरोबर. औषधाने उपवास मोडत नाही असं सगळे म्हणतात. तरी आधी देवाला सांगून घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार सोडला.

सोमवार सोडवेना, गुरुवार सोडवेना. शनिवार सगळ्यात शेवटी धरलेला, म्हणून तो. वरणभात आणि उकडलेलं अंडं. घास तोंडात फिरत राहिला. ह्यांच्याकडे पाठ करून जेवले. त्यांना काय कळतंय वार. पण मला वाटत होतं की ते बघतायत.

दिवसभर त्यांना टेकून बसवलं की मी उशी तपासत होते. बसले नीट. नेहमीसारखे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या हाताने लिहावं तसं अक्षर येतंय, आडवी पडून लिहितेय.

महाशिवरात्र. रताळी उकडून ठेवली, कवठाची चटणी केली, ह्यांना चटणी आवडते. गोळी घेतली. म्हटलं ह्यांना खुर्चीत घ्यावं, पूजा दिसेल. रेहाना बाजारात गेली होती, थांबायला हवं होतं. थांबले नाही. गोळी पचतेय, अंगात जरा जीव आलाय असं वाटत होतं. काखेत हात घातले, उचललं, आणि पाठीत वीज शिरली. सोडलं नाही मी त्यांना. त्यांच्यासकट खाली बसले.

रेहाना येईपर्यंत दोघंही लादीवर. ते माझ्या मांडीवर अर्धे. मला हलता येईना, त्यांना तर नाहीच. त्यांनी डाव्या हाताने माझा पदर सारखा केला. दोनतीनदा केला. म्हणत होते, "भरली, भरली." गाडी काट्यावर चढली की असं म्हणायचे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा मणका. डॉ. म्हणाल्या, कॅल्शियम आता वर येतंय, पंधरा दिवसांत इंजेक्शन देता येईल. पण उचलणं बंद. महिनाभर नाही, कायमचं. मी विचारलं, इंजेक्शननंतरही? "इंजेक्शननंतरही. ते हाडं धरून ठेवतं, परत तरुण करत नाही."

मग मी हे सगळं कशासाठी करत होते?

शनिवार सोडला म्हणून झालं का? लिहिताना लाज वाटते. पण मनात तेच येतंय. उपवास केले म्हणून मोडले, आणि सोडला म्हणून पडले. कुठूनही मोजा, माझ्याच अंगावर येतं.

निलेश रात्री इथेच राहिला. बापाला उचलून त्याने एका दमात पलंगावर ठेवलं. बघवलं नाही, इतकं सोपं होतं त्याला ते. सकाळी म्हणाला, "आई, घरी चोवीस तासांची बाई ठेवू म्हणालीस तर ठेवू. पण ती एकटी त्यांना कशी उचलणार, आणि ती नाही आली त्या दिवशी तू परत हात घालशील. घालशील ना?" खोटं बोलता आलं नाही.

"थोडे दिवस सेंटरमध्ये ठेवू. तू बरी हो. मग बघू."

मी हो म्हटलं. मीच म्हटलं हो.

२ मार्च, रविवार

निलेश घेऊन गेला ह्यांना.

बॅग मी सांगितली, रेहानाने भरली. सदरे सगळे उजव्या बाजूने उसवून मी बंद लावलेत, म्हणजे लुळा हात ओढायला नको. तिथल्या माणसांना बंद कळतील का? कागदावर लिहून बॅगेत टाकलं. रेहानाने ह्यांच्या दंडाला हात लावला, "अल्ला खैर करे, मास्तरकडं लवकर या परत."

मला उठायची परवानगी नाही, तरी दारापर्यंत गेले भिंत धरून. निलेशने चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून उतरवली. ह्यांनी मान वळवली. सगळी मान, नीट. आणि म्हणाले, "जातो."

आमच्यात कोणी जातो म्हणत नाही. दुकानात निघाला माणूस तरी येतो म्हणून निघतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी जाते म्हटलं होतं माहेरी निघताना, तर सासूबाईंनी उंबऱ्यातून परत आत घेतलं होतं आणि म्हणायला लावलं होतं, येते. हे सुद्धा काट्यावर निघताना जिन्यावरून ओरडायचे, "येतो गं." वर्षानुवर्षं.

निलेश म्हणाला, "बाबांचं काय मनावर घेतेस, सगळे शब्द फिरलेत त्यांचे." खरं आहे. चादरीला पावती म्हणणारा माणूस. येतोच्या जागी जातो आलं असणार. रेहानापण तेच म्हणाली.

२० मार्च, गुरुवार

इंजेक्शन झालं काल. हातातून थेंब थेंब. अंगात कणकण, सांधे दुखतायत, हे होतं म्हणाल्या. रिपोर्ट चांगला आला. डॉ. पहिल्यांदा हसल्या. "पोट कसं आहे?" पोट उत्तम आहे. इतकं उत्तम कधी नव्हतं. डाळ खाते, अंडं खाते, सायट्रेट दोनदा. गुरुवारही सोडला आज. तापात उपवास कसला, असं स्वतःला सांगितलं.

पलंग आवरायचा राहिलाय. तसाच राहू दे म्हटलं रेहानाला.

२४ मार्च, सोमवार

निलेशचा फोन. खूश होता. सेंटरमध्ये बोलायला शिकवणारी बाई येते, रोज बसते ह्यांच्याजवळ चित्रं घेऊन. "आई, बाबा सुधारतायत. शब्द जागेवर यायला लागलेत. पाणी हवं तर पाणीच म्हणतात. ती म्हणाली, घरी असतानाच काही शब्द बरोबर यायला लागले असतील, तुमच्या लक्षात आलं नसेल."

मी म्हटलं, "हो का. छान."

"येशील ना बघायला? पाठ बरी झाली की?"

म्हटलं, येते.

घरी असतानाच, म्हणजे कधीपासून, हे मी त्याला विचारलं नाही.